क्वालालंपूरचं अपार्टमेंट, सात माणसं आणि दोन विहिणी

क्वालालंपूरची तिकिटं काढून झाली आणि मग राहायचं कुठे यावर घरात खल सुरू झाला. माणसं सात. मी, नवरा, मोठी मुलगी, धाकटा मुलगा, सासू-सासरे आणि माझी आई. हॉटेल घ्यायचं तर तीन रूम्स, त्या एकाच मजल्यावर मिळतील याची खात्री नाही, पोरं आजीकडे जायचं म्हणून दिवसभर कॉरिडॉरमध्ये पळणार, आणि सासऱ्यांना उठल्या उठल्या जो चहा लागतो तो हॉटेलच्या इवल्याशा किटलीत आणि पावडरच्या दुधात होत नाही, म्हणजे होतो, पण मग ते दिवसभर त्या चहाबद्दलच बोलतात. म्हणून अपार्टमेंट. तीन बेडरूम, हॉल, किचन, वॉशिंग मशीन, वर स्विमिंग पूल आणि फोटोत बाल्कनीतून दिसणारे पेट्रोनास टॉवर्स. नवरा तो एक फोटो बघूनच खलास. मी मात्र किचनचा फोटो बघून सावध झाले होते.

बुकिंगचं आधी सांगून टाकते कारण ते कुणी सांगत नाही. तिथे बऱ्याच बिल्डिंगांना रोज बॅगा घेऊन येणारी नवी नवी माणसं नको असतात, आणि २०२० मध्ये मलेशियाच्या फेडरल कोर्टाने एका केसमध्ये निकाल दिला की असं शॉर्ट टर्म भाडं बंद करायचा नियम सोसायटीला करता येतो. आपल्याकडच्या सोसायटीची मीटिंग डोळ्यासमोर आणा आणि सेक्रेटरीच्या हातात असा निकाल आहे अशी कल्पना करा! त्यामुळे काही बिल्डिंगांत चालतं, काहींत अजिबात नाही. एका होस्टने, म्हणजे घर भाड्याने देणाऱ्याने, मला पैसे भरायच्या आधीच मेसेज टाकला की गार्डने विचारलं तर आम्ही फ्रेंड्स आहोत म्हणून सांगा. आमच्याबरोबर सासरेबुवा होते, ते गार्डला सगळं खरं खरं, बुकिंग नंबरसकट सांगणार, त्यामुळे ते घर तिथेच सोडलं. जे घेतलं तिथे खाली रीतसर काउंटर होतं, सगळ्यांचे पासपोर्ट आधीच मागवले होते, आणि परदेशी पाहुण्यांना जो टुरिझम टॅक्स पडतो, रूममागे रात्रीला १० रिंगिट, तोही स्वच्छ लिहिलेला होता. आम्ही एका रिंगिटला साधारण वीस रुपये धरले, तोंडी हिशोबाला बरं पडलं.

व्हिसाची कटकट नाही. डिसेंबर २०२३ पासून आपल्याला तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, तेही पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. फुकट असतं, कुणी पैसे मागितले तर ती साइट बंद करा. विमानतळ मात्र शहरापासून चांगला पन्नास-साठ किलोमीटर लांब. ट्रेन झकास आहे, २८ मिनिटांत केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्टेशनवर, पण मोठ्या माणसाचे ५५ रिंगिट, आणि आमची वरात सात जणांची, बॅगा वेगळ्या. शिवाय ग्रॅबमध्ये, म्हणजे तिकडच्या ओला-उबरमध्ये, सिक्स सीटर मिळते म्हणून खूश व्हावं तर सातवं माणूस ते घेत नाहीत, पोराला मांडीवर घेतो वगैरे आपली भाषा तिथे चालत नाही. मग होस्टलाच सांगून मोठी व्हॅन मागवली. शहरातही जिथे जाऊ तिथे दोन गाड्या, आणि कुठल्या गाडीत कोण बसणार यावर रोज नवीन आघाडी सरकार.

बिल्डिंगमध्ये शिरल्यावर पोरांना पहिली गंमत लिफ्टची. कार्ड टेकवल्याशिवाय लिफ्ट हलतच नाही आणि कार्डावर आपलाच मजला आणि पूलचा मजला एवढंच चालू. बटणांमध्ये तीन, मग ३ए, मग थेट पाच. पुढे तेरा, १३ए आणि पंधरा. चिनी लोकांत चार आकडा अशुभ, म्हणून चार आणि चौदा गायब. लेक रोज लिफ्टमध्ये खरंच आपण कितव्या मजल्यावर राहतो याचा हिशोब करायची आणि धाकटा रोज तिच्याशी भांडायचा. त्याच लिफ्टमध्ये एक स्टिकर, काटेरी डुरियन फळ आणि त्यावर लाल फुली. आत आणायचा नाही, वास एसीतून सगळीकडे फिरतो म्हणे. नवऱ्याने तो फूटपाथवरच उभं राहून खाल्ला, ग्लोव्हज घालून, आणि नंतर ग्रॅबवाल्याने चारही काचा खाली घेतल्या यातच काय ते समजा.

सासरे एमएसईबीतून रिटायर झालेत. बाकीचे बाल्कनीत टॉवर्सचे फोटो काढत असताना ते भिंतीजवळ उकिडवे बसून प्लग बघत होते. तिकडे ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो. त्यांनी किटलीचा प्लग काढला, नातवाला जवळ बोलावलं आणि दाखवलं, हे बघ, वरची पिन लांब आहे ना, ती आधी आत जाते आणि खालच्या दोन भोकांवरचं शटर उघडते, म्हणून तुझ्यासारख्याने पेन घातलं तरी करंट लागत नाही. आणि प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज. व्होल्टेज आपल्यासारखंच, तेव्हा चार्जर चालतात, नुसता अडॅप्टर हवा. घरात एकच अडॅप्टर ठेवला होता आणि सात माणसांचे फोन, मग खाली मिस्टर डीआयवाय नावाचं दुकान होतं, त्यांची तिकडे गल्लोगल्ली दुकानं आहेत, तिथून दोन आणले. सासरे त्या दुकानात स्क्रू ड्रायव्हरच्या सेक्शनमध्ये एकदा गेले ते बाहेरच येईनात. टॉवर्सपेक्षा त्यांना ते दुकान जास्त आवडलं असा माझा संशय आहे.

आता किचन.

हॉटेलात किचन नसतं हा हॉटेलचा सगळ्यात मोठा गुण आहे असं माझं ठाम मत आहे. किचन दिसलं की कुणीतरी त्यात शिरतं, आणि ते कुणीतरी कोण हे मराठी घरात आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे तर दोघी होत्या. सासूबाई रत्नागिरीकडच्या, मासळीशिवाय पान न हलणाऱ्या. माझी आई कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात न खाणारी. दोघी विहिणी एकमेकींशी इतक्या गोड बोलतात की ऐकणाऱ्याला शुगर व्हावी. "तुम्ही बसा हो ताई, मी टाकते चहा." "अहो नाही ताई, तुम्ही दमला असाल, मीच टाकते." विमानातून उतरून बॅगा उघडल्या नाहीत तोवर दोघी ओट्यासमोर खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि मी मागे, कारण त्या दोघी उभ्या असताना मी सोफ्यावर कशी बसू? झालं, तिघींची सुट्टी गेली ओट्याशी.

सासूबाईंनी चेक-इनच्या बॅगेतून छोटा कुकर आणला होता. मला न सांगता, साडीत गुंडाळून. त्यात तूरडाळ, तांदूळ, मेतकूट, गोडा मसाला, सगळा संसार. कुकर शेगडीवर ठेवला तर शेगडी नुसती टीं टीं करते आणि गरम व्हायचं नाव नाही. शेगडी इंडक्शनची आणि कुकर अ‍ॅल्युमिनियमचा. सासरे लगेच हजर, फ्रिजवरचं ट्विन टॉवर्सचं मॅग्नेट काढून त्यांनी कुकरच्या बुडाला लावलं, ते गळून पडलं. "चिकटलं नाही ना, मग तापणार नाही. लोखंड पाहिजे बुडाला." मग त्यांनी घरातल्या प्रत्येक भांड्याला मॅग्नेट लावून बघितलं आणि चिकटणारी आणि न चिकटणारी अशा दोन रांगा ओट्यावर मांडून दिल्या. तुम्ही घरून भांडं नेणार असाल तर हे एवढं घरीच करून बघा.

पण तिकडच्या घरात राइस कुकर असतोच, आणि तो म्हणजे देवमाणूस. पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभरच्या वर जात नाही, पाणी आटलं की चढतं, आणि तो आपोआप खट् करून वॉर्मवर जातो. सासऱ्यांना हे इतकं पटलं की भाताचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा! सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं गॅसवर होत होता तेव्हा नाही सुचलं." ते म्हणाले तेव्हा हे टेक्निक नव्हतं. असो.

त्या पहिल्या रात्रीनंतर मी नियम केला. सकाळचा चहा घरी, रात्रीचा वरण-भात घरी, आणि मध्ये किचन बंद. भात सासरे लावणार, भांडी नवरा घासणार (डिशवॉशर नव्हता, बरं झालं), टेबल पोरं पुसणार. नाश्ता खाली. दुपारचं बाहेर, जिथे असू तिथे. माझ्या आईला हे मानवलं, सासूबाईंना जरा लागलं. म्हणजे बोलल्या काही नाहीत, पण फ्रिज दोनदा उघडून बंद केला. मला विचाराल तर अपार्टमेंट घ्यायच्या आधी घरात हे बोलून घ्यावं, नाहीतर आपण पैसे भरून फक्त वेगळ्या ओट्यावर पोळ्या लाटायला जातो.

नाश्त्याला बिल्डिंगसमोर मामाक होतं. तमिळ मुसलमान लोकांची ही हॉटेलं, बरीचशी चोवीस तास उघडी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टीलचे टेबल. रोटी चनाय मागवायची. तो माणूस तेलकट ओट्यावर कणकेचा, म्हणजे मैद्याचा गोळा हातानेच आपटत आपटत रुमालाएवढा पातळ करतो, घडी घालतो आणि तव्यावर टाकतो, पापुद्रे सुटतात, शेवटी दोन्ही हातांनी टाळी वाजवल्यासारखी ती चुरगाळून वाढतो. आमची पोरं ते बघायला खुर्ची ओढून समोरच बसायची. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, तो बरोबर जी डाळ देतो तिच्यावर तितक्याच प्रेमाने वरून माशाची करीही ओततो, न विचारता. तेव्हा ऑर्डर देतानाच फक्त डाळ म्हणून बजावायचं. आम्ही रोज बजावायचो आणि तरी माझी आई ताटलीचा वास घेऊनच पहिला घास मोडायची. सासऱ्यांना डायबेटिस, आणि तिकडचा तेह तारिक, म्हणजे दुधाचा चहा, कंडेन्स्ड मिल्कचा, जिभेला चिकटेल एवढा गोड. त्यांच्यासाठी तेह ओ कोसोंग मागवायचा, म्हणजे कोरा, बिनसाखरेचा. दोन दिवसांत मामाकवाला त्यांना बघूनच कोसोंग ओरडायला लागला आणि हे एकदम ऐटीत.

आईची खरी पंचाईत बाकीच्या ठिकाणी. नासी लेमाक दिसतो साधा भात, नारळाच्या दुधातला, पण वर ते तळलेले छोटे सुके मासे आणि सांबल, म्हणजे मिरचीची चटणी. सांबलमध्ये आणि निम्म्या भाज्यांमध्ये बेलाचान असतं, सुकवलेल्या कोलंबीची आंबवलेली पेस्ट. भाजी हिरवीगार दिसते म्हणून शाकाहारी असं अजिबात समजू नका. सासूबाईंना मात्र तो वास आल्या आल्या माहेर. "अगं, हा तर जवळा!" आणि त्या कांगकुंगची प्लेट बघून दुसरा शोध, की ही तर आपल्याकडची नाळीची भाजी, आमच्या परसात ओहोळाच्या कडेला यायची. त्यांच्या डोळ्यात जी चमक आली ती पेट्रोनास टॉवर बघून आली नव्हती.

मग काय, ब्रिकफील्ड्स. केएल सेंट्रल स्टेशनच्या पाठीच हा लिटल इंडिया. १८८१ मध्ये आधी आग आणि मग पूर आला, शहराची लाकडी, गवताने शाकारलेली घरं गेली, तेव्हा यापुढे विटांनी बांधायचं ठरलं आणि त्या विटा या भागात पडायच्या, म्हणून हे नाव. आता विटा नाहीत, गजरे आहेत. पितळी समया, स्टीलची भांडी, केळीच्या पानावरची थाळी, मोगऱ्याचा वास आणि तमिळ गाणी फुल आवाजात. दोघी विहिणींनी गजरे माळले, आणि दुकानदार बाईंशी सासूबाई मराठीत आणि ती तमिळमध्ये असं दहा मिनिटं व्यवस्थित बोलणं झालं, कढीपत्त्याच्या दोन काड्या जास्त मिळाल्या. कोथिंबीर, हिरवी मिरची, नारळ, सगळं मिळतं, त्यामुळे घरून मसाला सोडून काही न्यायची गरज नाही. तिथेच मँगोस्टीनचा वाटा दिसला. जांभळं टणक साल, आत पांढऱ्या फोडी. सासूबाईंनी साल नखाने दाबून बघितलं, चाखलं आणि जाहीर केलं की हे कोकमाच्या घरचं आहे. मी फोनवर बघितलं तर खरंच, दोन्ही झाडं एकाच वंशातली, गार्सिनिया. त्यानंतर त्यांनी दोन किलो घेतले.

भाजीवाल्याकडे पांडानच्या पानांची जुडी होती, लांब तलवारीसारखी पानं. माझ्या आईने एक पान चुरडून हुंगलं आणि म्हणाली, अन्नपूर्णा. आपल्याकडे काही जण कुंडीत लावतात ना, भात शिजताना एक पान टाकलं की साध्या तांदळाला आंबेमोहोराचा वास येतो, तेच. त्या रात्री सासऱ्यांच्या राइस कुकरमध्ये आईच्या पानाची गाठ पडली आणि सासूबाईंनी नियम मोडून नाळीची भाजी केली, लसूण आणि मिरची घालून, बेलाचान नाही. आईने चातुर्मास नव्हता म्हणून लसूण चालवून घेतला आणि दोनदा भाजी मागून घेतली. दोन विहिणींनी एकमेकींचं केलेलं मागून घेणं ही गोष्ट काय आहे ते ज्यांना कळतं त्यांना कळेल. मी त्या दिवशी नियमाचं नाव काढलं नाही.

कपड्यांचं प्रकरण वेगळंच. मशीन होती, ड्रायर नव्हता. बाल्कनीत स्टँड होता, पण सासूबाईंचं पातळ स्टँडवर कसं मावणार, त्यांनी ते बाल्कनीच्या कठड्यावरून छान पसरून टाकलं, क्लिपा लावून. तासाभरात होस्टचा मेसेज, बरोबर बिल्डिंगच्या मॅनेजमेंटने खालून काढलेला फोटो, त्यात एवढ्या मोठ्या काचेच्या टॉवरवर एक हिरवं ठिपक्याचं पातळ फडकतंय आणि आमच्या बाल्कनीला लाल गोल केलेला. तिकडच्या कॉन्डोंमध्ये कठड्यावर कपडे टाकलेले चालत नाहीत, कठड्याच्या उंचीच्या खाली काय ते वाळवा. पातळ आत घेतलं आणि डायनिंगच्या खुर्च्यांवर वाळवलं, एसी सोळावर ठेवून. पूलवरही तसंच. सासरे हाफ पँट आणि बनियन अशा वेशात उतरायला निघाले, लाइफगार्डने अदबीने अडवलं, कॉटन नाही चालत, स्विमिंगचे कपडे हवेत. त्यांनी मग काठावर बसून पाय सोडले आणि समोर टॉवर्स बघत पोरांना आकडे सांगत बसले, ४५२ मीटर, ८८ मजले, आणि ४१-४२ मजल्यांना जोडणारा तो पूल. दुसरीकडे त्याहून उंच मर्डेका ११८ दिसतो, जगातली दुसऱ्या नंबरची उंच बिल्डिंग, ६७८.९ मीटर. पण बघायला सगळे जुन्या जोडीलाच बघतात.

तिकडची घड्याळं आपल्यापुढे अडीच तास. सासरे घरी पाचला उठतात म्हणजे तिकडे साडेसात, आणि सूर्य उगवतो सातच्या आसपास, बाराही महिने जवळपास तेव्हाच, कारण विषुववृत्त जवळ. १९८२ च्या सुरुवातीला त्यांनी देशभर एकच वेळ हवी म्हणून घड्याळं अर्धा तास पुढे सरकवली, त्यामुळे उजाडायला उशीर. फायदा असा की म्हातारी माणसं आणि पोरं सगळी एकाच वेळी उठायची आणि मला पाच वाजताच्या कपबशांचा आवाज ऐकावा लागला नाही.

आणि दुपार. अपार्टमेंटचे पैसे खरे वसूल होतात ते दुपारी. क्वालालंपूरला दुपारी तीन-चारच्या सुमारास आभाळ काळं होतं आणि मग जो पाऊस कोसळतो तो आपल्या जुलैतल्या घाटातला, विजांसकट. टूरवाल्यांबरोबर गेलेली माणसं त्या वेळी कुठल्यातरी मॉलमध्ये पाय दुखवत हिंडत असतात. आम्ही सकाळी लवकर एक ठिकाण करायचो, जेवून घरी, चपला काढायच्या, ज्येष्ठ मंडळी आडवी, पोरं पत्ते खेळत, आणि मी बाल्कनीत. आमच्या बाल्कनीच्या खालीच काम्पुंग बारू, १९०० च्या सुमारास वसवलेली मलय लोकांची वस्ती, लाकडी घरं, पत्र्याची छपरं, केळी, नारळ, आणि पलीकडच्या काठावर हे स्टीलचे अजस्त्र टॉवर्स. पाऊस आला की आधी टॉवर दिसेनासे होतात, मग मधली नदी, मग पत्र्यांवर आवाज इतका चढतो की हॉलमधला टीव्ही ऐकू येत नाही. तासाभराने सगळं बंद, ऊन. सव्वासात-साडेसातपर्यंत उजेड असतोच, म्हणून संध्याकाळ पूर्ण मोकळी मिळते.

संध्याकाळी सालोमा पुलावरून चालत केएलसीसीला, म्हणजे टॉवर्सच्या भागात, जायचो. २०२० मध्ये झालाय हा पादचारी पूल, नदीवरून आणि हायवेवरून जातो, रात्री रंग बदलत राहतो, आणि त्याचा आकार विड्याच्या पानांच्या मांडणीवरून घेतलाय, मलय लग्नांत पानांचा मनोरा करतात तसा. हे ऐकल्यावर दोघी विहिणी खास थांबून नीट बघत बसल्या. टॉवर्सच्या मागच्या बागेत कारंजी आहेत, फुकट, बसायला जागा, पोरांना पळायला मैदान, पाण्यात खेळायला वेगळा उथळ तलाव. पैसे देऊन वर जायची तिकिटं आम्ही काढली नाहीत, सात जणांची फार होतात आणि बाल्कनीतून दिसतंय की.

बाटू केव्हजला मात्र जाच. केएल सेंट्रलवरून कोम्युटर ट्रेन थेट पायथ्याशी सोडते. मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, सोनेरी मूर्ती ४२.७ मीटरची, आणि वर गुहेत जायला २७२ पायऱ्या, २०१८ मध्ये इंद्रधनुष्यी रंगवलेल्या. गुडघेवाल्यांनी खाली बसून नारळपाणी प्यावं. आई खाली बसली, सासूबाई हट्टाने वर गेल्या आणि माकडाने त्यांच्या हातातली पिशवी नेली, आत मँगोस्टीन होते. त्याचं दुःख अजून आहे.

निघायच्या दिवशी चेकआउट अकराचा. होस्टच्या सूचना अशा की कचरा आपल्याच मजल्यावरच्या छोट्या खोलीत टाका, कार्डं लेटरबॉक्समध्ये, डिपॉझिट दोन-तीन दिवसांत परत. बस, एवढंच. मी बॅगा भरून बाहेर आले तर सासूबाई पदर खोचून किचनची फरशी पुसतायत आणि माझी आई मागून ओटा. मी म्हटलं, आई, क्लीनिंग फी भरलीय आपण, ते येऊन सगळं करणार आहेत. "भरली असेल, म्हणून काय असं टाकून जायचं? लोक काय नावं ठेवतील?" माझी आई मागून, "बरोबर आहे ताईंचं." आयुष्यात दोघी एका बाजूला आल्या त्या इथे. नवऱ्याने निमूटपणे बाथरूमच्या काचा पुसायला घेतल्या. खाली व्हॅनवाला फोन करतोय, वर सात माणसं भाड्याचं घर झाडतायत. उरलेली तूरडाळ आणि गोडा मसाला सासूबाईंनी बरण्यांत भरून वर इंग्लिशमध्ये चिठ्ठ्या लावून ठेवल्या, पुढच्या पाहुण्यांसाठी. मसाल्याच्या चिठ्ठीवर काय लिहावं यावर पाच मिनिटं चर्चा झाली, शेवटी लेकीने लिहिलं, स्पाइस, व्हेरी नाइस.

घरी आल्यावर होस्टचा रिव्ह्यू आला, इतके स्वच्छ गेस्ट आजवर बघितले नाहीत, केव्हाही परत या. सासूबाईंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मराठीत अर्थ विचारला आणि स्क्रीनशॉट मागून घेतला. त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर पेट्रोनास टॉवर्सचा एकही फोटो गेलेला नाही, तो स्क्रीनशॉट गेलाय. माझी आईपण त्याच भिशीत नव्याने ॲड झालीये आणि पुढच्या वेळी पेनांगला जाऊ असं दोघींनी परस्पर ठरवलंय, मोठं किचन बघून घे म्हणतायत.